परभणीची थंडी आणि घरातली एक खोली

डिसेंबर लागला की राज्याच्या हवामानाच्या बातम्यांत परभणीचं नाव वरच्या ओळींत येऊ लागतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना नवल वाटतं. मे महिन्यात जिथे अंगाची लाही होते तिथे एवढा गारठा कसा? खरं तर दोन्हीचं कारण एकच. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा जमीन जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर ती रात्री ऊब सोडून देते, आणि वर ढगांचं पांघरूण नसल्यामुळे ती ऊब निघून जाते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की काम झालं. विद्यापीठातला तापमापक मोकळ्या शिवारात असल्याने तिथला आकडा शहरातल्या दाट वस्तीपेक्षा थोडा खालीच असतो, हेही लक्षात ठेवावं.

घरात काय करावं हे ठरवण्याआधी या थंडीचं वेळापत्रक ओळखायला हवं. ती दिवसभराची नाही. दुपारी दोनला स्वेटर काढून ठेवावा लागतो आणि मुलं अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गल्लीत क्रिकेट खेळतात. दिवेलागण झाली की मात्र रस्ते लवकर ओस पडतात. म्हणजे आपल्या हाती येतात ते संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंतचे दोन-तीन तास आणि रविवारची पहाट. या वेळात परभणीतल्या बहुतेक घरांत काय चालतं, ते सांगायची गरज नाही. प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या पांघरुणात, आपापल्या मोबाइलवर. थंडीने घरातल्या माणसांना एका छताखाली आणलेलं असतं आणि तरी ती एकत्र नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एका खोलीत, एका सतरंजीवर बसायचं आणि हाताला काहीतरी काम द्यायचं. हात गुंतले की तोंडं आपोआप मोकळी होतात.

खोली निवडतानाही थोडा विचार करा. ज्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतं, म्हणजे पश्चिमेची किंवा दक्षिणेची, ती भिंत संध्याकाळी बराच वेळ कोमट असते. तिच्या आतल्या बाजूची खोली घ्या. जुन्या माळवदाच्या घरात राहणारे भाग्यवान. मातीची जाड भिंत आणि मातीचं छत दिवसाची ऊब धरून ठेवतात. पत्र्याच्या घरात मात्र सूर्य मावळताच छत गार पडतं. तिथे आतून जुन्या चादरीचं किंवा ताडपत्रीचं छत ताणून बांधलं तरी फरक पडतो. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर नुसती सतरंजी टाकू नका. खाली एक जुनी वाकळ अंथरा. दाराखालच्या फटीत जुनं धोतर गुंडाळून सारलं की पायाला लागणारा वारा थांबतो.

शेगडीबद्दल मात्र गंभीरपणे सांगायचं आहे. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची किंवा लाकडाची शेगडी पेटवू नका, आणि ती पेटती ठेवून झोपणं तर कधीच नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाही. शेकायचं असेल तर समोरासमोरचे दोन झरोके तरी उघडे हवेत, आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवायची. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्यालाही हाच नियम लागू. विजेचा हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे तासाला दोन युनिट. तो एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, वायर तापते. खरं तर पाच-सहा माणसं एका खोलीत बसली की हीटरची गरज फारशी उरत नाही.

कवड्यांचा पट

सतरंजी पडली, आता खेळ. माझी पहिली पसंती कवड्यांच्या पटाला. कुठे याला चल्लस म्हणतात, कुठे अष्टाचंगा. साहित्य काहीच लागत नाही. फरशीवर खडूने किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर पाच आडव्या, पाच उभ्या घरांचा चौकोन आखा. पंचवीस घरं झाली. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध असलेल्या घरात फुली मारा. चार खेळाडू चार बाजूंना बसतील. प्रत्येकाच्या चार सोंगट्या त्याच्या समोरच्या फुलीवर. सोंगट्यांसाठी घरातलंच धान्य घ्या. एकाला ज्वारी, दुसऱ्याला तूर, तिसऱ्याला हरभरा, चौथ्याला भुईमुगाचा दाणा. लहान मुलांची धान्यांशी ओळख होते हा वरचा फायदा.

चार कवड्या हातात खुळखुळवून टाकायच्या. जितक्या तोंड वर करून पडतील तितकी घरं पुढे. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना आणखी एक डाव मिळतो. सोंगटी आधी बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. मग आतल्या आठ घरांच्या फेऱ्यात शिरून तिथे उलट वळते आणि शेवटी मधल्या घरात पोचते. पण आत शिरायची एक अट आहे. दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारलेली हवी. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. घराघरांतून नियमांत थोडा फरक सापडेल. आजीचा नियम आणि आजोबांचा नियम वेगळा निघाला तर आधी दहा मिनिटं त्यावर भांडून घ्या. तोही खेळाचाच भाग आहे.

कवड्या नसतील तर चिंचोके घ्या. चिंचोका खरखरीत दगडावर घासला की एका बाजूचं तपकिरी टरफल निघून पांढरा भाग दिसतो. असे चार चिंचोके म्हणजे चार कवड्या. मुलांना हे घासण्याचं काम द्या, त्यात त्यांचा अर्धा तास मजेत जातो.

हा खेळ मी हलका समजत नाही. नशिबाचा भाग आहेच, पण आपल्या चार सोंगट्यांपैकी कुठली चालवायची, फुलीवर थांबायचं की मारायला धावायचं, याचा विचार प्रत्येक दानाला करावा लागतो. सात वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांची आजी दोघं बरोबरीने खेळू शकतात आणि दोघांपैकी कुणालाही मुद्दाम जिंकू द्यावं लागत नाही. असे खेळ फार थोडे.

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. या खेळांच्या बाबतीत तिला खरा आधार आहे. आपली पचिसी, म्हणजे फुलीच्या आकाराच्या पटावरचा कवड्यांचा खेळ, इंग्रजांनी विलायतेला नेला आणि त्याचा लुडो केला. त्याच घराण्यातला एक खेळ म्युनिकच्या योजेफ फ्रीड्रिश श्मिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मुलांसाठी घरी बनवला आणि १९१४ मध्ये तो बाजारात आणला. पहिल्या महायुद्धात त्यांनी त्याचे हजारो संच लष्करी रुग्णालयांत पाठवले, जखमी सैनिकांनी तो घरोघरी नेला, आणि आज जर्मनीत तो माहीत नसलेलं कुटुंब शोधावं लागेल. तिथे हिवाळ्यात दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो. त्या लांबलचक संध्याकाळी टेबलाभोवती बसून खेळण्याची सवय त्यांनी इतकी जपली की १९७९ पासून तिथे दरवर्षी वर्षातल्या उत्तम पटखेळाला मानाचा पुरस्कार दिला जातो आणि एस्सेन शहरात दर ऑक्टोबरात या खेळांची मोठी जत्रा भरते. ज्या मातीतून हा खेळ तिकडे गेला त्या मातीत तो माळ्यावरच्या डब्यात पडून राहावा, हे मला पटत नाही.

पट कंटाळवाणा झाला तर नवकंकरी आखा. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यांना जोडणाऱ्या चार रेषा, प्रत्येकी नऊ खडे, आणि तीन खडे ओळीत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी ओट्यांवर हा पट कोरलेला दिसतो. देवदर्शनाला गेलात तर मुलांना शोधायला सांगा. सागरगोट्यांना जागा कमी लागते आणि गारठलेली बोटं लवकर मोकळी होतात, म्हणून ज्येष्ठांनीही खेळावेत.

कॅरमबद्दल वेगळं शिकवायला नको. परभणीत गल्लोगल्ली पिवळ्या बल्बखाली कॅरम रंगतो आणि या कोरड्या हवेत बोर्ड असा काही पळतो की पावसाळ्यात त्याची कल्पनाही येणार नाही. एवढंच सांगते, की बोरिक पावडर चिमूटभर पुरे, आणि घरातल्या मुलींनाही स्ट्रायकर मिळू द्या.

हाताला काम, तोंडाला चव

डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात ढिगाने येतात. मीठ टाकून पातेलंभर उकडा, परातीत ओता आणि सतरंजीच्या मधोमध ठेवा. सोलायला वेळ लागतो म्हणूनच गप्पा लांबतात. हरभऱ्याचा डहाळा आणून घाटे सोलायला बसलात तर दुसऱ्या दिवशीच्या भाजीची सोय होते, अर्थात सोलणाऱ्यांनी अर्धे वाटेतच संपवले नाहीत तर. हुलग्याचं माडगं वाट्यांतून घोट घोट घेतलं की अंगात तरतरी येते. हुलगे भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात असलं की ते दहा मिनिटांत होतं. पीठ गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, जिरं-लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडा आणि सतत ढवळा.

हुरड्यासाठी शेतावर जायला मिळालं तर उत्तमच. शहरात राहणाऱ्यांनी हुरड्याचे मोकळे दाणे आणून लोखंडी कढईत मंद आचेवर परतले तरी चव बरीच जवळ जाते. सोबत तीळ-शेंगदाण्याची नि लसणाची चटणी आणि घट्ट दही. आपल्या विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हा ज्वारीचा वाण दिला आहे आणि रब्बी ज्वारीतला 'परभणी मोती' तर घराघरात भाकरीच्या रूपाने पोचला आहे. हुरडा खाताना मुलांना हे सांगा. आपल्याच गावच्या शिवारात कुणीतरी वर्षानुवर्षं कणसं मोजून हे दाणे निवडले, हे त्यांना कळू द्या.

पण थंडीतल्या घरकामाचा राजा म्हणाल तर तो संक्रांतीचा काटेरी हलवा. हल्ली तो पाकिटात मिळतो म्हणून घरी कुणी करत नाही. मला मात्र वाटतं, परभणीच्या थंडीत राहून हलवा घरी न करणं म्हणजे हाती आलेली संधी घालवणं. कारण हलव्याला काटा फुटायला कोरडी, गार हवा लागते आणि ती आपल्याकडे जानेवारीत फुकट मिळते. दमट हवेत पाक दाण्यावर ओला राहतो आणि दाणा गुळगुळीत होतो किंवा चिकटून गोळा होतो. गार, कोरड्या हवेत पाकाचा पातळ थर झटकन वाळतो, साखरेचे बारीक कण दाण्यावर उभे राहतात आणि त्यांवर पुढचे कण चढत जातात. काटा म्हणजे तेच.

कृती अवघड नाही, फक्त धीर लागतो. पांढरे तीळ निवडून कोरडेच हलके गरम करून घ्या, लाल होऊ देऊ नका. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळायला ठेवा. उकळी आली की चमचाभर दूध घाला, मळी वर येईल ती काढून टाका. एकतारीच्या अलीकडचा पाक झाला की पातळ फडक्यातून गाळा. आता जाड बुडाच्या परातीत मूठभर तीळ घ्या. परातीखाली राख धरलेले निखारे असतील तर छानच, नाहीतर गॅसच्या सर्वांत लहान ज्योतीवर तवा आणि तव्यावर परात. तिळांवर अर्धा चमचा पाक घाला आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहा. पाक पूर्ण सुकला, हाताला कोरडं लागलं, की पुढचा अर्धा चमचा. घाई करून दोन चमचे पाक एकदम ओतलात की सगळं बिघडतं. परात फार तापली असं वाटलं तर खाली उतरवून फिरवा. पंखा बंद, आणि परातीजवळ पाण्याचा थेंबही नको. बोटांना चटका बसतो, म्हणून पाळीपाळीने बसा.

पहिल्या दिवशी फक्त पांढरं आवरण चढतं आणि नवशिके निराश होतात. होऊ नका. चाळणीने सुटी साखर चाळून टाका, तीळ कोरड्या डब्यात झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. पहाटे केलेलं सगळ्यांत चांगलं, कारण हवा तेव्हा सर्वांत गार असते. रविवारच्या पहाटे एरवी कुणी पांघरुणातून निघत नाही, पण परातीभोवती ऊब असते हे एकदा कळलं की मुलं स्वतःहून येऊन बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा डोळ्यांना दिसू लागतो. त्या वेळी घरातल्या लहानग्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तीळ जमले की खसखस, मगज, साबुदाणा, लवंग यांवरही हात चालवून बघा. साबुदाणा सोपा, लवंग अवघड.

हलवा झाला की दागिने. घरात नवी सून असेल किंवा बाळाची पहिली संक्रांत असेल तर हे काम आपसूक निघतंच. नसलं तरी करा. पांढऱ्या दोऱ्याला दुहेरी फास घेऊन त्यात एकेक दाणा अडकवायचा, फास हळू आवळायचा, पुढचा दाणा. जाड पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवून त्यावर या लडी बसवल्या की बाजूबंद, तनमणी, बाळासाठी टोप आणि बासरी तयार होते. काळ्या कापडावर हे पांढरे दागिने उठून दिसतात. लडी करताना हात ओलसर असेल तर हलवा विरघळतो, म्हणून जवळ कोरडं फडकं ठेवा. डोळ्यांना त्रास होणाऱ्यांनी रात्री हे काम करू नये, दुपारच्या उन्हात खिडकीशी बसावं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाण चालतं. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा, हलवा टाकतात. उसाचे तुकडे बोटभर आणि हलके असू द्या, आणि वरून नव्हे तर हातभर उंचीवरून ओता. लहान मुलांच्या तोंडात शेंगदाणा किंवा बोराची आठळी जाऊ नये म्हणून एका मोठ्या माणसाने फक्त तेवढ्यावर लक्ष ठेवावं. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्यापेक्षा घरच्या हलव्याची पुडी दिली तर येणारी प्रत्येक जण थांबून विचारते, हा तुम्ही केला? आणि मग तिथेच पुढच्या वर्षी चौघींनी मिळून करायचा बेत ठरतो. नवऱ्याच्या पश्चात राहणाऱ्या शेजारणीलाही याच बोलावण्यात मानाने बोलवा. थंडी सगळ्यांनाच सारखी असते.

वाचणं आणि ऐकणं

ज्या रात्री हात थकले असतील त्या रात्री एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. परभणीकरांनी सुरुवात बी. रघुनाथांपासून करावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ (१९१३-१९५३), निजामी राजवटीत बांधकाम खात्यात नोकरी करत परभणीत राहिले आणि अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या लिहून गेले. 'साकी', 'फकिराची कांबळी' हे त्यांचे कथासंग्रह, 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असतानाचं आपल्या भागातलं जगणं त्यांत आहे. मुलांना त्यातले शब्द अडतील. तेव्हा थांबून आजोबांना विचारा. अशा प्रश्नातून आजोबा रझाकारांच्या काळापर्यंत जातात आणि पुस्तक बाजूला राहतं. राहू द्या. पुस्तक घ्यायला गणेश वाचनालयात जा आणि जाताना मुलांना सोबत न्या. एका खेपेला घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक पुस्तक निवडायचं असा नियम ठेवला तर वाचायच्या पाळीवरून भांडणं होतात, आणि ती झालेली बरी.

मोठ्याने वाचण्याची सवय नसेल तर कथा निवडा, कादंबरी नको. वीस मिनिटांत संपेल अशी. वाचणाऱ्याने सावकाश वाचावं. ऐकणाऱ्यांच्या हातात तुरीच्या शेंगा किंवा शिवणटिपण असेल तर ते अधिक वेळ ऐकतात. जुन्या साड्यांची वाकळ घालायला घेण्यासाठीही हा काळ चांगला. चार पदर अंथरून कडेने टाके घालत मध्याकडे जायचं, टाके लहान आणि एका ओळीत. दोन जणी समोरासमोर बसल्या तर काम दुपटीने सरकतं.

घराबाहेरची पण छपराखालची करमणूक हवी असेल तर नाटकांवर नजर ठेवा. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी थंडीच्या तोंडावर राज्यात ठिकठिकाणी होते आणि परभणीतही ती रंगत आली आहे. तिकीट अगदी थोडं असतं आणि मंचावर आपल्याच जिल्ह्यातले शिक्षक, विद्यार्थी, कारकून दिसतात. १९९५ साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं ते याच शहरात. ऐकणारा, दाद देणारा श्रोता इथे आहे, त्याने फक्त उबदार घरातून निघायला हवं. शाल, कानटोपी, आणि परतायला रिक्षा आधीच सांगून ठेवलेली, एवढी तयारी पुरे.

आता ज्या कामाची मला सर्वांत घाई वाटते ते. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज कुणालाही मोफत वाचता येतात, अनेक ऐकताही येतात. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. एका संध्याकाळी घरात मोबाइलला स्पीकर जोडून त्यांच्या ओव्या लावा. माझा अनुभव असा, की दुसऱ्या-तिसऱ्या ओवीला घरातली म्हातारी गुणगुणायला लागते, आणि मग सांगते की आमच्याकडे ही अशी नव्हती, वेगळी होती. गंगाखेडच्या जनाबाईच्या या जिल्ह्यात जातं आणि गाणं फार जवळजवळ राहिलेलं आहे. जाती गेली, पण ती ज्यांनी ओढली त्या बायका अजून आपल्या घरात आहेत.

त्यांचा आवाज साठवायला थंडीइतके चांगले दिवस नाहीत, कारण घरातले पंखे आणि कूलर बंद असतात. एरवी ध्वनिमुद्रणात पंख्याचीच घरघर जास्त येते. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, दुमडलेल्या वाकळेवर ठेवा, आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर. खोलीत अंथरूण-पांघरूण जितकं जास्त तितका आवाज घुमत नाही. फ्रिजचा आवाज येत असेल तर तेवढा वेळ तो बंद करा आणि नंतर आठवणीने सुरू करा. आजीला 'ओव्या म्हण' असं एकदम सांगू नका, ती लाजते. आधी विचारा, माहेरी जातं कुठे होतं, पहाटे किती वाजता उठायची, सोबत कोण बसायचं. दोरा सापडला की ती स्वतःच गाऊ लागते. विसरली तर आठवण करून द्यायची घाई नको, मध्ये शांतता राहू द्या. भावाच्या, माहेराच्या, विठ्ठलाच्या ओव्या बहुतेक सगळ्याजणींना येतात. सासुरवासाच्या ओव्या मात्र घरातल्या पुरुषांसमोर म्हणायला कित्येक जणी तयार होत नाहीत. त्या वेळी सुनेने किंवा नातीने एकटीने बसावं.

एका बैठकीत अर्धा तास पुरे. नंतर त्याच रात्री फाइलला नाव द्या. म्हणणारीचं नाव, माहेर, सासर, तारीख. ते राहिलं तर दोन वर्षांनी कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही. एक प्रत मोबाइलबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा नातेवाइकाकडे ठेवा. शब्द वहीत उतरवण्याचं काम शाळेतल्या मुलांना द्या. ऐकून लिहिताना जो शब्द कळणार नाही त्याखाली रेघ मारायची आणि दुसऱ्या संध्याकाळी आजीलाच विचारायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला गर्दी लोटते, त्यानंतर गारवा ओसरू लागतो आणि पुन्हा पंखे सुरू होतात. तोवर ही वही निम्मी तरी भरलेली असावी.